कोअर मोजण्याआधी: वेगवान संगणनासाठी प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमची निवड

पुण्यात महासंगणक उभे राहू लागले त्याला आता साडेतीन दशके होत आली. १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क आले. २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर ४ होते आणि त्यावर आयबीएमचीच एआयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. २००७ मध्ये टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यातच उभारलेला ‘एका’ इंटेलच्या झिऑनवर चालायचा आणि जगातल्या पाचशे अव्वल महासंगणकांच्या यादीत थेट चौथा आला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला ‘प्रत्यूष’ (२०१८) झिऑनवरच, तर त्याच संस्थेत २०२४ मध्ये सुरू झालेला ‘अर्का’ एएमडीच्या एपिकवर. एकाच शहरात, एका पिढीच्या आत, पाच कंपन्यांचे प्रोसेसर येऊन गेले.

या यादीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोणत्याही एका कंपनीशी लग्न लावून इथे चालत नाही. मग दर वेळी निवड करायची ती कशाच्या आधारावर? हा प्रश्न आता महासंगणकांपुरता राहिलेला नाही. विद्यापीठाची प्रयोगशाळा, गाडीच्या अपघाताची चाचणी संगणकावर करणारा कारखान्याचा डिझाइन विभाग, बँकेचा डेटाबेस, व्हिडिओ पुरवणारी कंपनी, सगळ्यांसमोर तोच पेच आहे. बहुतेक ठिकाणी चर्चा कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खरेदीतला सगळ्यात महागडा गोंधळ इथेच होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसर निवडताना प्रत्येक कोअरपर्यंत माहिती किती वेगाने पोहोचते हे पाहावे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना ती त्या कामाच्या मध्ये किती कमी येते हे पाहावे. बाकीचे सारे आकडे या दोन प्रश्नांच्या मागून येतात.

आधी कामाची जात ओळखा

‘हाय परफॉर्मन्स’ या एका नावाखाली चार वेगळ्या जातींची कामे येतात. पहिली जात निव्वळ गणिताची: मोठ्या भरगच्च मॅट्रिक्सचे गुणाकार, रेणूंच्या हालचालींची काही गणिते. इथे एकदा आणलेली माहिती पुन:पुन्हा वापरली जाते. दुसरी जात माहितीच्या वाहतुकीची: हवामानाची मॉडेल्स, हवा आणि द्रवांच्या प्रवाहाची गणिते, विरळ मॅट्रिक्स. इथे प्रत्येक आकड्यावर थोडेसेच गणित होते आणि लगेच पुढचा आकडा लागतो. तिसरी जात तातडीची: शेअर बाजारातले व्यवहार, डेटाबेसच्या चौकशा. यात एकूण काम किती झाले यापेक्षा प्रत्येक उत्तर किती मायक्रोसेकंदात आले याला महत्त्व. चौथी जात सुट्या कामांची: हजारो वेब विनंत्या, कंटेनर, चित्रपटाच्या फ्रेमचे रेंडरिंग. त्यातले एक काम दुसऱ्यासाठी थांबत नाही.

पहिल्या दोन जातींमधली सीमारेषा मोजता येते. २००९ मध्ये सॅम्युअल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी ‘रूफलाइन’ नावाची पद्धत मांडली. आपला प्रोग्रॅम मेमरीतून आणलेल्या प्रत्येक बाइटमागे किती गणिती क्रिया करतो, हा एक आकडा काढायचा. प्रोसेसर प्रत्येक बाइटमागे किती क्रिया करू शकतो, हा दुसरा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल, तर प्रोसेसरची गणिताची ताकद काही प्रमाणात पडूनच राहणार. आजच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये हा दुसरा आकडा आठच्या आसपास असतो. विरळ मॅट्रिक्सच्या कामात पहिला आकडा एकाच्याही बराच खाली असतो. पंगतीत शंभर पाने मांडली आणि वाढपी दोनच ठेवले तर पाने वाढवून जेवण लवकर उरकत नाही, इथेही तसेच.

प्रत्यूष आणि अर्का: जवळून पाहिलेले उदाहरण

प्रत्यूषमध्ये इंटेलचे झिऑन ई५-२६९५ व्ही४ हे प्रोसेसर आहेत. एका प्रोसेसरमध्ये १८ कोअर, २.१ गिगाहर्ट्झचा वेग आणि डीडीआर४-२४०० मेमरीचे ४ चॅनेल. मेमरीची कमाल बँडविड्थ सेकंदाला ७६.८ गिगाबाइट. अर्कामध्ये एएमडीचे एपिक ७६४३ आहेत: ४८ कोअर, २.३ गिगाहर्ट्झ, डीडीआर४-३२०० चे ८ चॅनेल आणि सेकंदाला २०४.८ गिगाबाइट. कोअर अठरावरून अठ्ठेचाळीस झाले, कंपनी बदलली, पिढ्या बदलल्या. आता भागाकार करून पाहा. ७६.८ भागिले १८ म्हणजे ४.२७. आणि २०४.८ भागिले ४८ म्हणजेही ४.२७. प्रत्येक कोअरच्या वाट्याला येणारी बँडविड्थ दोन्ही यंत्रांत तंतोतंत सारखी आहे.

याचा अर्थ अर्का वाया गेला असा अजिबात नाही. प्रत्यूषची कमाल क्षमता ४ पेटाफ्लॉप होती, अर्काची ११.७७ पेटाफ्लॉप आहे, आणि पूर्वी ज्या मॉडेलला दहा तासांपर्यंत वेळ लागे ते आता सुमारे चार तासांत होते. मे २०२५ मध्ये सुरू झालेले ६ किलोमीटर विभेदनाचे ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या वाढीव ताकदीवरच उभे आहे. मला दाखवायचे आहे ते वेगळे. कोअर वाढले तेव्हा मेमरीची वाटही त्याच प्रमाणात रुंदावली, म्हणून हवामानाच्या कामात वाढलेल्या कोअरचा मोबदला मिळाला. चॅनेल चारच राहिले असते, तर त्या अठ्ठेचाळीस कोअरपैकी बरेचसे वाट पाहत बसले असते.

जागतिक पातळीवर हाच धडा आणखी ठळक दिसतो. जपानच्या कोबे शहरातल्या रिकेन संस्थेचा ‘फुगाकू’ फुजित्सूच्या ए६४एफएक्स या आर्म जातीच्या प्रोसेसरवर चालतो. त्यात मुख्य कामासाठी ४८ कोअर आणि प्रोसेसरलगतच बसवलेली ३२ गिगाबाइट एचबीएम२ मेमरी आहे. तिची बँडविड्थ सेकंदाला १,०२४ गिगाबाइट. लिनपॅक या भरगच्च गणिताच्या चाचणीत त्याला ४४२ पेटाफ्लॉप मिळतात, तर अमेरिकेच्या ‘फ्रंटियर’ने २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपचा टप्पा ओलांडला आणि पुढे सुमारे १,३५० पेटाफ्लॉपपर्यंत गेला. पण मेमरीवर ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीत फुगाकूला १६ आणि फ्रंटियरला १४ पेटाफ्लॉप मिळाले. जवळपास तिप्पट ताकदीचे यंत्र इथे मागे पडले. २०२५ च्या जूनमध्ये ‘एल कॅपिटन’ने मागे टाकेपर्यंत या चाचणीत फुगाकूच पहिला होता. दोन्ही यंत्रे उत्तम आहेत. प्रश्न बदलला की पहिला नंबर बदलतो.

आजचा बाजार

एएमडीच्या २०२२ च्या एपिक ९००४ मालिकेत ९६ कोअरपर्यंत मजल गेली आणि डीडीआर५-४८०० चे १२ चॅनेल आले, म्हणजे सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट. ९६ कोअरचा प्रोसेसर घेतला तर प्रत्येक कोअरला ४.८ गिगाबाइट, त्याच मालिकेतला ३२ कोअरचा घेतला तर १४.४. वाहतुकीच्या कामाला हा तिप्पट फरक निर्णायक ठरतो. याच मालिकेच्या ‘एक्स’ प्रकारात एल३ कॅशे १,१५२ मेगाबाइटपर्यंत वाढवलेली आहे. प्रवाहाच्या गणितातला डेटा त्या कॅशेत मावला की मेमरीकडे जाण्याच्या फेऱ्याच कमी होतात. २०२४ च्या ९००५ मालिकेत झेन ५ रचनेचे १२८ किंवा आटोपशीर झेन ५सी चे १९२ कोअर मिळतात. ही १९२ ची आवृत्ती सुट्या कामांच्या चौथ्या जातीसाठी आहे.

इंटेलने २०२४ मध्येच झिऑन ६ ची ६९००पी मालिका आणली: १२८ कोअरपर्यंत, १२ चॅनेल आणि ८,८०० वेगाच्या एमआरडिम मेमरीचा आधार. तिने बँडविड्थ सेकंदाला ८४५ गिगाबाइटच्या जवळ जाते. त्याआधी ‘झिऑन मॅक्स’मध्ये इंटेलने ६४ गिगाबाइट एचबीएम प्रोसेसरमध्येच घातली होती. मॅट्रिक्सच्या गणितासाठी इंटेलचा एएमएक्स संच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल प्रोसेसरवरच चालवायचे असेल तर तो उपयोगी पडतो.

तिसरा प्रवाह आर्मचा. एनव्हिडियाच्या ‘ग्रेस’मध्ये ७२ कोअर आहेत, अ‍ॅमेझॉनच्या ‘ग्रॅव्हिटॉन ४’मध्ये ९६. फुगाकूनंतर ‘आर्म मोठ्या कामाला चालत नाही’ या म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. अडचण सॉफ्टवेअरची आहे. सोर्स कोड हातात असेल तर पुन्हा कंपाइल करून तपासता येतो. पण ज्या व्यापारी सॉफ्टवेअरची आर्म आवृत्तीच नाही, तिथे इंटेल-एएमडीच्या एक्स८६ ला पर्याय नाही.

कोअर जास्त घेतल्याचा भुर्दंड दोन ठिकाणी बसतो. पहिला लायसन्सचा. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोज सर्व्हर यांची किंमत कोअरच्या हिशेबाने लागते. अभियांत्रिकीतल्या अनेक सिम्युलेशन पॅकेजांचेही तसेच. अशा ठिकाणी कमी पण जास्त गिगाहर्ट्झचे कोअर घेणे शहाणपणाचे, कारण प्रोसेसरपेक्षा लायसन्स कितीतरी महाग पडते. दुसरा भुर्दंड विजेचा. वरच्या टोकाचे प्रोसेसर आता ५०० वॉटचे आहेत. दोन सॉकेटचा एक सर्व्हर वर्षभर भर जोरात चालला तर नुसत्या प्रोसेसरना ८,७६० युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ८७,६०० रुपये, आणि कूलिंगचा खर्च वेगळाच.

एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यापायी चांगली यंत्रे लंगडी होतात. बारा चॅनेलच्या प्रोसेसरला मेमरीच्या बारा स्टिक लागतात. ‘पुढे वाढवू’ म्हणून आठच लावल्या, तर ४६० ची बँडविड्थ ३०७ वर येते. एकूण गिगाबाइट तेवढेच ठेवून लहान आकाराच्या बारा स्टिक घ्याव्यात. असा कोटेशनमधला एक बदल कधी कधी प्रोसेसरच्या एका पिढीइतका फरक पाडतो.

ऑपरेटिंग सिस्टिम: लिनक्स, पण कोणती आणि कशी

परम ८००० तयार झाला त्याच वर्षी, १९९१ मध्ये, फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या पीसींचा ‘बेवुल्फ’ क्लस्टर लिनक्सवर चालवून दाखवला. नोव्हेंबर २०१७ पासून अव्वल पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक यंत्र लिनक्सवर आहे. मायक्रोसॉफ्टने प्रयत्न केला नाही असे नाही. २००८ मध्ये शांघायचा ‘डॉनिंग ५०००ए’ विंडोज एचपीसी सर्व्हरवर चालून यादीत दहावा आला होता. पण कर्नल उघडून आपल्या यंत्राला हवा तसा बदलण्याची मुभा लिनक्सने दिली, आणि शेवटी तीच निर्णायक ठरली. विंडोजची जागा आजही आहे: ज्याचे सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालते, त्याच्यासाठी.

फ्रीबीएसडीचे उदाहरण मात्र आवर्जून पाहण्यासारखे. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. २०२१ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी ३२ कोअरच्या एका एपिक ७५०२पी प्रोसेसरवर सेकंदाला ४०० गिगाबिटचे उद्दिष्ट ठेवले. सेकंदाला ४०० गिगाबिट म्हणजे ५० गिगाबाइट. पण प्रोसेसरने एन्क्रिप्शन करायचे तर तीच माहिती मेमरीतून चारदा ये-जा करते: डिस्कवरून मेमरीत, एन्क्रिप्शनसाठी वाचन, पुन्हा लिखाण, मग नेटवर्क कार्डाकडे. म्हणजे २०० गिगाबाइट लागणार, आणि मेमरी प्रत्यक्षात देत होती १५० च्या आसपास. गाडी २४० गिगाबिटवर अडकली. एन्क्रिप्शनचे काम नेटवर्क कार्डावर सोपवल्यावर मधल्या दोन फेऱ्या वाचल्या आणि वेग ३८० पर्यंत गेला. कोअर तेवढेच आणि मेमरीही तीच होती. कर्नलला मात्र ही युक्ती येत होती. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे यापेक्षा स्पष्टपणे कुठे दिसत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये येते म्हणजे काय, याचा अभ्यास लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत फॅब्रिझिओ पेट्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन यांनी २००३ मध्ये मांडला. ‘आस्की क्यू’ या महासंगणकात ८,१९२ प्रोसेसर होते, एका नोडमध्ये चार. गणिताने सांगितलेला वेग प्रत्यक्षात मिळेना. मोठ्या कामात चारही प्रोसेसर वापरण्यापेक्षा तीन वापरून एक मोकळा ठेवला तर काम लवकर होत होते! शोध घेतल्यावर दिसले की ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्लस्टर सांभाळणारे छोटे पार्श्वभूमीवरचे प्रोग्रॅम अधूनमधून जागे होऊन प्रोसेसर अडवत होते. एका नोडवर तो वेळ नगण्य. पण हजारो प्रोसेसर एकमेकांसाठी थांबत पुढे जातात, तेव्हा एकाचा खोळंबा सगळ्यांचा होतो. ते प्रोग्रॅम काढून किंवा हलवून ‘सेज’ हा त्यांचा मुख्य प्रोग्रॅम जवळजवळ दुप्पट वेगाने चालू लागला, आणि हार्डवेअरवर एक पैसाही खर्च झाला नाही.

आजच्या यंत्रांवर हाच विचार काही ठरावीक सेटिंग्जमधून करता येतो. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक सॉकेटची मेमरी त्याच्या जवळची आणि दुसऱ्याची लांबची. प्रोग्रॅमला जवळच्या मेमरीशी बांधून ठेवणे हे पहिले काम. एपिकमध्ये बायॉसमधून एका सॉकेटचे एक, दोन किंवा चार भाग करता येतात, आणि नीट बांधलेल्या प्रोग्रॅमला चार भाग सहसा मानवतात. मेमरीची पाने मुळात ४ किलोबाइटची. मोठ्या अ‍ॅरेसाठी २ मेगाबाइटची पाने घेतली तर पत्ते शोधण्यातला वेळ वाचतो. पण ओरॅकल आणि रेडिस ही मोठी पाने आपोआप देणारी सोय बंद ठेवायला सांगतात, कारण तातडीच्या कामात मधूनच येणारा अडथळा त्यांना परवडत नाही. वीज वाचवण्याच्या सेटिंग्जही तशाच: दिवसभर सुस्त असणाऱ्या सर्व्हरला चांगल्या, मायक्रोसेकंद मोजणाऱ्याला घातक. २०१८ च्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन त्रुटींवरचे उपाय कर्नलमध्ये थोडा वेग खातात. अनेकजण वापरतात त्या यंत्रावर ते बंद करण्याचा विचारही करू नये.

कोणते लिनक्स?

वेगाच्या दृष्टीने प्रमुख डिस्ट्रिब्यूशनमधला फरक बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरा फरक आयुष्यमानाचा आणि आधाराचा. सेंटओएस हे रेड हॅटचे मोफत रूप कित्येक वर्षे जगभरच्या क्लस्टरांचा पाया होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की सेंटओएस ८ चा आधार २०२१ च्या अखेरीसच संपेल. ज्यांनी २०२९ पर्यंतचा हिशेब केला होता त्यांची धावपळ उडाली. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. सेंटओएस ७ चा आधारही जून २०२४ मध्ये थांबला. म्हणून सर्व्हरचे आयुष्य पाच ते सात वर्षे धरून, तितकी वर्षे सुरक्षेची सुधारणा मिळेल असेच डिस्ट्रिब्यूशन निवडावे. व्यापारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या कंपनीने मान्यता दिलेल्या यादीबाहेर जाऊ नये.

नव्या प्रोसेसरला जुनी सिस्टिम पुरी पडत नाही, हेही लक्षात घ्यावे. मात्र कर्नलच्या आकड्यावरून घाईने मत बनवू नये: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चा कर्नल ५.१४ म्हणवतो, पण कंपनी नंतरच्या सुधारणा त्यात मागून घालत असते. कंपायलरकडे जास्त लक्ष द्यावे. एपिक ९००४ मधल्या झेन ४ ची नीट ओळख जीसीसी १३ ला आहे, झेन ५ ची जीसीसी १४ ला. रेड हॅट ९ सोबत मुळात येतो जीसीसी ११. नवा कंपायलर वेगळा बसवला नाही, तर नव्या प्रोसेसरची पैसे मोजून घेतलेली ताकद प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही.

निवड करायची ती अशी

सगळ्याचा मेळ घालून माझी शिफारस सरळ आहे. प्रवाह, हवामान, विरळ मॅट्रिक्स अशी कामे असतील तर मधल्या कोअरसंख्येचे, पूर्ण चॅनेल भरलेले, शक्य तर मोठ्या कॅशेचे प्रोसेसर घ्या. भरगच्च गणित असेल तर जास्त कोअर आणि रुंद व्हेक्टर घ्या, आणि ते काम जीपीयूवर जाऊ शकते का हे आधी तपासा. तातडीच्या आणि कोअरमागे लायसन्स लागणाऱ्या कामांना कमी कोअर, जास्त गिगाहर्ट्झ. सुट्या कामांना आटोपशीर कोअरचे मोठे प्रोसेसर किंवा आर्म. ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, दीर्घ आधाराची, आपल्या माणसांच्या हातात बसलेली. ती सांभाळणाऱ्याला रात्री दोन वाजता जी दुरुस्त करता येते, तीच चांगली.

शेवटचा मुद्दा निविदेचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निविदेत कोअर, गिगाहर्ट्झ आणि गिगाबाइट लिहिले की पुरवठादार तेच पुरवतो. त्याऐवजी संस्थेने आपले रोजचे दोन-तीन प्रोग्रॅम, त्यांच्या खऱ्या डेटासह, पुरवठादाराच्या हाती द्यावेत आणि ‘हे काम इतक्या वेळात, इतक्या विजेत’ अशी अट घालावी. त्याआधी महिनाभर भाड्याच्या क्लाउडवर दोन-तीन प्रकारचे प्रोसेसर तपासून पाहावेत. हा खर्च खरेदीच्या तुलनेत किरकोळ असतो. विद्यापीठांचे आणि सरकारी प्रयोगशाळांचे सर्व्हर लोकांच्या पैशातून येतात. त्यावर पावसाचे अंदाज निघतात, औषधांचे रेणू तपासले जातात, विद्यार्थी आपले पहिले मोठे गणित चालवतात. त्या पैशातून रिकामे बसणारे कोअर विकत घेणे हा अन्याय आहे, आणि तो टाळण्यासाठी लागणारे मोजमाप कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले आहे.